केंद्रकीय संमीलनातील गुरुत्वाकर्षण (विजयदुर्गच्या सूर्यनिरीक्षणासंदर्भात)

हलकी केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनणे म्हणजे केंद्रकीय संमीलन. सूर्याच्या गाभ्यात चार प्रोटॉनांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचे एक केंद्रक तयार होते आणि सुमारे ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा या विषयाशी संबंध देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यामुळे येतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी या किल्ल्यावरून सूर्याचे वर्णपट टिपले. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ त्यांच्याच नावाशी जोडले जातात. हेलियमचा शोध इथेच लागला असे सर्रास सांगितले जाते, पण ते खरे नाही. हेलियमच्या शोधाशी जोडल्या जाणाऱ्या १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिअर जान्सन गुंटूरला होते आणि लॉकयर इंग्लंडमध्ये. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला लॉकयर यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सौरज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहिली आणि पुढे ती एका अज्ञात मूलद्रव्याची मानली. ते मूलद्रव्य पृथ्वीवर सापडायला १८९५ उजाडले. ते सूर्यात कसे घडते, याचे उत्तर मात्र लॉकयर विजयदुर्गावर आले तेव्हाही कोणाजवळ नव्हते.

त्या काळी सूर्याची ऊर्जा गुरुत्वाकर्षणातूनच येते असे मानत. सूर्य आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते, हे केल्व्हिन व हेल्महोल्ट्झ यांचे गणित चुकीचे नव्हते. पण त्या साठ्यावर सूर्य काही कोटी वर्षेच तळपू शकतो, आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी हायड्रोजनपासून हेलियम बनण्याकडे बोट दाखवले. तेव्हापासून गुरुत्वाकर्षणाकडे ऊर्जेचा मुख्य पुरवठादार म्हणून पाहण्याचे कारण उरले नाही. माझ्या मते त्याची खरी भूमिका तिथूनच नीट समजू लागते: ते संमीलन स्वतः घडवत नाही, तर त्यासाठी लागणारी स्थिती निर्माण करते, ती टिकवते आणि संमीलनाचा वेग आवरते.

यावर पहिला आक्षेप असा, की दोन प्रोटॉनांमधले विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०चा ३६वा घात इतके पट जास्त आहे; मग इतके दुबळे बल काय करणार? दोन प्रोटॉनांपुरते खरोखरच काही नाही. पण धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांना पुसून टाकतात, वस्तुमान मात्र नुसते साचत जाते. सूर्याइतके द्रव्य साचले की गाभ्यावर पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे २५० अब्ज पट दाब येतो, घनता पाण्याच्या १५० पट होते आणि तापमान दीड कोटी केल्व्हिनवर पोहोचते. एवढ्यानेही प्रतिकर्षणाचा बांध ओलांडता येत नाही; त्यासाठी हजार कोटी केल्व्हिनच्या आसपास तापमान लागले असते. तिथे पुंजयामिकी मदतीला येते. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या बोगदा परिणामामुळे एखादा प्रोटॉन तो बांध न चढताच पलीकडे जातो. त्यानंतरही दोहोंपैकी एका प्रोटॉनाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते काम क्षीण केंद्रकीय बलाचे असल्यामुळे क्वचितच होते, आणि सरासरी प्रोटॉनाला अब्जावधी वर्षे थांबावे लागते. गाभ्याच्या एका घनमीटरमधून तीनशे वॅटही ऊर्जा निघत नाही. तेवढ्याच आकारमानाच्या मानवी शरीरांतून याहून जास्त उष्णता निघते. सूर्याचे तेज त्याच्या प्रचंड आकाराचे आहे. तो आकार विखुरू न देणे हे गुरुत्वाकर्षणाचे काम.

वेग आवरण्याची रीत मला सर्वांत विलक्षण वाटते. संमीलन वाढले की गाभा फुगतो, फुगला की थंड होतो, आणि संमीलन मंदावते. ते फार मंदावले तर गुरुत्वाकर्षण गाभा पुन्हा दाबून तापवते. म्हणून सूर्य हायड्रोजन बॉम्बसारखा फुटत नाही. बॉम्बला हा लगाम नसतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गांधीनगरच्या ‘आदित्य’सारख्या टोकामॅक यंत्रांत प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कोंडतात, मग संमीलनाला गुरुत्वाकर्षण हवेच कशाला? नुसत्या संमीलनाला ते अपरिहार्य नाही, हे मान्य करायला हवे. पण संमीलनाच्या यंत्रांत सहज जुळणारे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार इंधन म्हणून योजतात आणि तरीही सूर्याच्या गाभ्याच्या दहापट तापमान गाठावे लागते. साध्या हायड्रोजनचे मंद संमीलन अब्जावधी वर्षे चालवण्याची कोंडी निसर्गात गुरुत्वाकर्षणच करते, आणि तीही पुरेसे वस्तुमान असेल तरच. सूर्याच्या सुमारे ८ टक्क्यांखाली ती जमत नाही. गुरूचे वस्तुमान सूर्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढे आहे. तो तारा झाला नाही.

लॉकयर यांची पिवळी रेषा हा सूर्यातल्या संमीलनाचा पुरावा, असे समजणेही घाईचे ठरेल. सूर्याच्या बाहेरच्या थरांतला हेलियम बहुतांशी त्याच्या जन्मापासूनचा, म्हणजे मुख्यतः महास्फोटातला आहे. गाभ्यात बनलेला हेलियम वर येऊन मिसळत नाही, तो तिथेच साठतो. संमीलनाचा पुरावा घेऊन गाभ्यातून थेट बाहेर पडतात ते न्यूट्रिनो हे कण. सूर्याची बहुतेक ऊर्जा ज्या प्रोटॉन-प्रोटॉन संमीलनातून येते, त्यातून निघणारे न्यूट्रिनो इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने थेट मोजले, ते २०१४ मध्ये.