कामगारांच्या मालकीच्या कोळसा खाणीची अखेर : टॉवर कॉलिअरी (१९९५ ते २००८) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासात उद्योगाच्या स्थापनेला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे तो बंद पडण्याच्या घटनेला दिले जात नाही. कारखाना किंवा खाण बंद झाल्याची नोंद बहुधा एका वाक्यात संपते आणि त्या वाक्यात ‘तोट्यामुळे’ किंवा ‘साठा संपल्यामुळे’ असे कारण दिलेले असते. हे कारण कोणी ठरविले, कोणत्या आकड्यांच्या आधारे ठरविले आणि त्याचे परिणाम कोणी भोगले, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. दक्षिण वेल्समधील टॉवर कॉलिअरी ही एकच खाण दोन वेळा बंद झाली. पहिल्या वेळी, १९९४ मध्ये, ती शासकीय महामंडळाने बंद केली. दुसऱ्या वेळी, २००८ मध्ये, तिचे मालक असलेल्या कामगारांनीच बंद केली. या दोन घटनांची तुलना करून मालकी आणि निर्णयाधिकार यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बुलढाणा जिल्ह्याची भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्ट थरांची आहे. येथे कोळसा नाही. तथापि विदर्भाच्या पूर्व भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, कोळशाचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. शिवाय सभासदांच्या मालकीच्या संस्था उभ्या राहणे आणि बंद पडणे हा तर संपूर्ण विदर्भाचा अनुभव आहे. म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात दक्षिण वेल्स हे जगातील प्रमुख कोळसा निर्यात क्षेत्र होते. तेथील कोळसा कार्डिफ व बॅरी या बंदरांतून जगभर जात असे. ब्रिटिश कोळसा समुद्रमार्गे मुंबईतही येत असे. १९१३ मध्ये दक्षिण वेल्सचे उत्पादन सुमारे ५.७ कोटी टन होते आणि खाणींत सुमारे २ लाख ३२ हजार कामगार काम करीत होते. पहिल्या महायुद्धानंतर मात्र या क्षेत्राला उतरती कळा लागली.

हिरवाइन या गावाजवळील टॉवर खाणीचे काम १८६४ मध्ये सुरू झाले. जवळच्या माळरानावर क्रॉशे या लोखंड कारखानदार घराण्याने बांधलेल्या मनोऱ्यावरून तिला हे नाव मिळाले. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या दिवशी खाणींवर फलक लावण्यात आले की, या खाणी आता जनतेच्या वतीने चालविल्या जातील. परंतु ‘जनतेच्या वतीने’ आणि ‘कामगारांच्या निर्णयाने’ यांत मोठे अंतर होते. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळात खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध वर्षभराचा संप झाला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारपुढे तो अयशस्वी ठरला. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने उरलेल्या ५० खाणींपैकी ३१ खाणी बंद करण्याची घोषणा केली.

पहिली बंदी : १९९४

२२ एप्रिल १९९४ रोजी ब्रिटिश कोल या शासकीय महामंडळाने टॉवर खाण बंद केली. ती चालविणे आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, अशी महामंडळाची भूमिका होती. भूगर्भात कोळसा शिल्लक असल्याचे सर्वांना ठाऊक होते. त्याच महिन्यात स्थानिक संसद सदस्य अ‍ॅन क्लूइड यांनी खाणीत उतरून २७ तास ठिय्या आंदोलन केले. मात्र निर्णय बदलला नाही.

यानंतर कामगार संघटनेचे शाखा सचिव टायरन ओ’सुलिव्हन यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी खाण विकत घेण्याचा मार्ग स्वीकारला. २३९ कामगारांनी नोकरी गेल्याबद्दल मिळालेल्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड दिले. ही रक्कम १९ लाख पौंडांहून अधिक होते. खाणीची किंमत भागविण्यासाठी ती पुरेशी नव्हती, म्हणून उर्वरित पैसा कर्जाऊ उभा करण्यात आला. फिलिप वीक्स या अनुभवी खाण अभियंत्याचे मार्गदर्शन या प्रयत्नास लाभले. २ जानेवारी १९९५ रोजी कामगार बँड व ध्वजांसह मिरवणुकीने खाणीवर परतले. प्रत्येक भागधारकाचा वाटा समान होता. कोळशाच्या थराशी काम करणारा आणि कार्यालयात बसणारा यांच्या मताचे मूल्य सारखेच होते.

पुढील घटनाक्रम महत्त्वाचा आहे. जी खाण परवडत नाही म्हणून बंद झाली होती, ती त्याच थरांवर, बहुतांशी त्याच माणसांच्या श्रमातून तेरा वर्षे चालली. अ‍ॅबरथॉ येथील औष्णिक वीज केंद्र हे तिचे प्रमुख ग्राहक होते. यावरून ‘परवडत नाही’ हे विधान खाणीच्या स्थितीचे निव्वळ वर्णन नव्हते, असे म्हणावे लागते. ते एका विशिष्ट मालकाच्या, विशिष्ट धोरणाच्या चौकटीतील विधान होते. खासगीकरणाच्या तयारीत असलेल्या महामंडळाचा हिशेब आणि आपल्या गावात रोजगार टिकवू पाहणाऱ्या कामगाराचा हिशेब एकच असू शकत नाही.

दुसरी बंदी : २००८

२५ जानेवारी २००८ रोजी टॉवर खाण दुसऱ्यांदा बंद झाली. या वेळी कामगार पुन्हा मिरवणुकीने निघाले. परंतु हा मोर्चा कोणाच्या विरोधात नव्हता. भुयारी पद्धतीने काढता येण्याजोगा कोळसा संपला होता. तो संपणार हे भागधारकांना आधीपासून माहीत होते, कारण साठ्याचे आणि खर्चाचे हिशेब त्यांचेच होते.

येथे एक बाब नजरेआड करता येत नाही. ‘साठा संपला’ हे विधानही पूर्णपणे निसर्गनिर्मित नसते. टॉवरच्या जागेवर पृष्ठभागाजवळ कोळसा शिल्लक होता आणि २०१२ नंतर काही वर्षे तो खुल्या खाणीतून काढण्यात आला. म्हणजे २००८ मध्ये संपला तो विशिष्ट तंत्राने काढता येणारा कोळसा. तरीही दोन बंदींत मूलभूत फरक राहतो. १९९४ चा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना त्याची झळ लागणार नव्हती. २००८ मध्ये निर्णय घेणारे आणि त्याचे परिणाम सोसणारे एकच होते.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

वर्धा खोऱ्यातील वरोरा येथील खाण सरकारने १८७१ ते १९०६ या काळात चालविली आणि साठा संपुष्टात आल्याने ती बंद केली. गॅझेटिअरसारख्या साधनांतून तिचे उत्पादन व खर्च समजतो. खाली उतरणाऱ्या मजुरांचे मत मात्र समजत नाही. १ मे १९७३ रोजी भारतातील बिगर-कोकिंग कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि पुढे नागपूर हे वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय झाले. कामगारांना वेतन व सुरक्षेच्या दृष्टीने त्याचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु खाण केव्हा आणि का बंद करावी, हा अधिकार कामगारांकडे आला नाही. २०२० पासून व्यावसायिक खाणकामासाठी खासगी कंपन्यांना लिलाव सुरू झाल्यावरही या प्रश्नात फरक पडलेला नाही.

महाराष्ट्रात टॉवरच्या जवळ जाणारे उदाहरण खाणीचे नसून कारखान्याचे आहे. मुंबईतील कुर्ला येथील कमानी ट्यूब्स हा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. आजारी उद्योगांसाठी स्थापन झालेल्या बी.आय.एफ.आर. या मंडळाने १९८८ मध्ये कामगारांच्या योजनेस मान्यता दिली आणि १९८९ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेमार्फत उत्पादन पुन्हा सुरू झाले. सुरुवातीच्या यशानंतर १९९० च्या दशकात हा प्रयोग अडचणीत आला. खेळत्या भांडवलाची चणचण हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. म्हणजे मालकी मिळाली म्हणून भांडवल आणि बाजारपेठ आपोआप मिळत नाही, हेही या इतिहासाने दाखवून दिले आहे.

विदर्भातील बंद पडलेल्या अनेक सहकारी सूतगिरण्या व साखर कारखाने यांचे स्वरूप निराळे आहे. तेथे कागदोपत्री मालक सभासद शेतकरी होते. कामगार केवळ नोकर होते. तरीही टॉवरच्या संदर्भात एक प्रश्न त्यांनाही विचारता येतो. संस्था बंद करण्याचा दिवस जवळ येत आहे, हे सामान्य सभासदाला केव्हा कळले? हिशेब त्याच्यापर्यंत पोहोचत होते की त्याला गेटला लागलेले कुलूपच प्रथम दिसले? भागाचा दाखला घरात असणे आणि निर्णयात वाटा असणे यांतील अंतर या प्रश्नाच्या उत्तरावरून मोजता येते.

निष्कर्ष

१. ‘आर्थिकदृष्ट्या न परवडणारी’ हे खाणीचे विशेषण मालकी व धोरणसापेक्ष असते. टॉवर खाणीने १९९५ नंतरच्या तेरा वर्षांत ते सिद्ध केले.

२. कामगारांच्या मालकीमुळे खाण अमर होत नाही. भूगर्भाची मर्यादा सर्व मालकांना सारखीच लागू असते.

३. मालकीचा खरा लाभ उद्योग बंद होतानाही दिसतो. हिशेब ज्यांच्या हाती असतात त्यांना अखेरची पूर्वसूचना मिळते आणि तयारीला अवधी मिळतो.

४. सहकारी चळवळीचा इतिहास लिहिताना स्थापनेच्या समारंभांबरोबर बंद होण्याच्या प्रक्रियेचाही अभ्यास होणे आवश्यक आहे. सभासदांच्या आठवणी, वार्षिक सभांची इतिवृत्ते आणि कामगारांच्या मुलाखती ही त्यासाठी साधने आहेत. ज्यांच्याकडे या आठवणी आहेत, ती पिढी आज वार्धक्यात आहे. आपल्या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतले, तर विद्यार्थ्यांना स्वतःच्या तालुक्यातच संशोधनाचे क्षेत्र उपलब्ध होईल आणि बंद गेटमागचा इतिहास एका वाक्याच्या नोंदीत संपणार नाही.