निर्धोक जगाची कुमारकादंबरी

विसाव्या शतकातील भयावह भविष्याची कादंबरी प्रामुख्याने सत्तेच्या धाकातून घडली. झाम्यातिनची ‘वुई’ १९२४ मध्ये इंग्रजी भाषांतरातून प्रकटली. सोव्हिएत भूमीवर ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडले. हक्स्लीने १९३२ मध्ये धाकाच्या जागी सुखोपभोग आणला; ऑर्वेलने १९४९ मध्ये धाकाचे रूप परिपूर्ण केले. अमेरिकन लेखिका लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) या कुमारकादंबरीने या परंपरेत काळजीचे तत्त्व आणले.

येथील समाजाने अपघात, उपासमार आणि विषमता टाळण्यासाठी टेकड्या, बर्फ, ऊन आणि रंगही वर्ज्य केले आहेत. माणसाची निवड चुकू नये म्हणून जोडीदार व व्यवसाय वडीलधाऱ्यांची समिती ठरविते. साऱ्या समाजाची स्मृती एकटा वृद्ध वाहतो. बारा वर्षांच्या जोनासकडे तो वारसा येतो. कादंबरीचा कळस जोनासच्या वडिलांच्या कृतीत आहे. हा मायाळू शिशुपालक जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या अर्भकाला सुई टोचून मारतो आणि त्याच्या स्वरातील वात्सल्य जराही ढळत नाही. क्रौर्याचा लवलेश नसलेले हे हत्येचे चित्र ऑर्वेलच्या यातनागृहाहून अधिक अस्वस्थ करते.

लाउरी यांच्या बालपणात या कल्पनेचे एक मूळ सापडते. १९४८ मध्ये त्या टोकियोतील कुंपणबंद अमेरिकन वसाहतीत राहावयास गेल्या. ओळखीच्या, सुरक्षित आवारातून सायकलवर निसटून ती अकरा वर्षांची मुलगी शिबुयाच्या गजबजाटात जात असे. १९९४ चे न्यूबेरी पदक स्वीकारताना त्यांनी ही आठवण सांगितली.

कादंबरीचा पुढील इतिहास तिच्याच आशयाची साक्ष देतो. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या बालविभागाने तिला पदक दिले. त्याच संघाने सिद्ध केलेल्या, १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ती समाविष्ट झाली. अर्भकहत्या आणि आत्महत्येचे उल्लेख मुलांना झेपणार नाहीत, असे अनेक पालकांचे म्हणणे होते. त्यांची काळजी खोटी नव्हती. परंतु जोनासच्या समाजाचीही काळजी खोटी नव्हती. कुमारवाचकाला दुःखापासून वाचवावे की दुःखाचे ज्ञान त्याच्या हाती सोपवावे, हा कुमारसाहित्याचा मूलभूत प्रश्न आहे. लाउरी यांनी तो टीकाग्रंथातून न मांडता थेट त्या वाचकापुढेच ठेवला, आणि उत्तर देण्याचा अधिकारही त्यालाच दिला.