गाडीसोबत दिलेली वही

फौजेत बदलीचा हुकूम आला की दोन कामे ठरलेली असतात. एक, ट्रंका भरणे. दुसरे, हँडिंग-टेकिंग. आपल्या ताब्यात जे जे आहे ते पुढच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचे आणि काय चालू आहे, काय बिघडले आहे, काय दुरुस्त केले आहे ते लिहून द्यायचे. २०१७ मध्ये झाशीहून दिल्लीला बदली झाली, तेव्हा सरकारी यादीत नसलेल्या एका वस्तूचेही हँडिंग-टेकिंग करावे लागले. ती वस्तू म्हणजे माझी २००२ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक.

गाडी पंधरा वर्षांची झाली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली होती. म्हणजे गाडी दिल्लीला नेणे शक्य नव्हते. साताऱ्याला घरी उभी करून ठेवली असती तर उंदरांनी वायरिंग खाल्ले असते. विकणे हाच मार्ग होता. पण ती तशीच विकता येत नव्हती, कारण आठ वर्षांत मी तिच्यात बरेच उद्योग करून ठेवले होते.

अशा उद्योगांना इतिहास आहे, आणि होंडाच्या बाबतीत तो फौजेपासूनच सुरू होतो. १९४६ साली हरलेल्या जपानमध्ये ना रेल्वेत जागा होती ना पेट्रोल. सोइचिरो होंडा यांच्या नजरेला एक छोटे इंजिन पडले. जपानी लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचे ते इंजिन युद्धानंतर निकामी पडून होते. होंडांनी ते सायकलला जोडले. टाकीसाठी काही सापडेना, तेव्हा घरातली गरम पाण्याची शेकायची बाटलीच पेट्रोलची टाकी म्हणून वापरली. चाचणीसाठी सायकलवर बसवले पत्नीला. लष्कराच्या भंगारावरच्या या घरगुती जुगाडातून १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली आणि १९६५ मध्ये तिच्या गाडीने मेक्सिकोत फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली.

आपल्याकडे बोनेट उघडण्यामागचे कारण वेगळे होते. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. पण परवाना राजवटीत गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. एकदा मिळालेली गाडी माणूस जन्मभर वापरायचा, म्हणून ती घरीच दुरुस्त करायला शिकायचा. आमच्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी सकाळी ते पॉइंट पॉलिशपेपरने घासायचे, प्लगची फट बघायचे. माझे काम बॅटरी धरून उभे राहायचे. हात हलला की शिव्या ठरलेल्या.

याच गाड्या शर्यतीतही उतरत. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती तिथे होत आणि लोक आपापल्या गॅरेजात हलक्या केलेल्या, इंजिने तासलेल्या फियाट घेऊन येत. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी तर मारुती ८०० च्या इंजिनावर एका सीटची फॉर्म्युला मारुती बांधली. बाजारात वेगवान गाडीच मिळत नसल्यामुळे ज्याला वेग हवा त्याला ती घरीच घडवावी लागे.

ही कोंडी नव्वदच्या दशकात फुटली. होंडाने १९९५ मध्ये भारतीय भागीदारासोबत कंपनी काढली, ग्रेटर नोएडात कारखाना टाकला आणि १९९८ च्या सुरुवातीला सिटी आणली. त्यानंतर व्हीटेक आली, १०६ अश्वशक्तीची. आज हा आकडा किरकोळ वाटेल. तेव्हा एवढ्या हलक्या सेडानमध्ये तो कोणी देत नव्हते.

व्हीटेकची युक्ती थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या वाल्व्हना उघडझाप करणारा कॅम हळू चालीला एका आकाराचा हवा असतो आणि जोरात पळताना दुसऱ्या. साध्या इंजिनात एकाच आकारावर तडजोड करतात. होंडाने दोन्ही आकार एकाच दांड्यावर बसवले. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खिटी सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि वाल्व्ह मोठ्या कॅमवर चालू लागतात. हे तंत्र प्रथम १९८९ मध्ये जपानच्या इंटेग्रात आले, तिथे १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती निघाली. आमच्या सिटीत ते फक्त आत हवा घेणाऱ्या वाल्व्हवर होते. तरीही टॅकोमीटरचा काटा वर गेला की गाडीचा सूर बदलायचा, आणि तो ऐकायला आपण उगाचच गिअर खाली टाकायचो.

२००३ मध्ये नवी सिटी आली. इंधन वाचवणारी, ऐसपैस, पण ७७ अश्वशक्तीची. जुनी व्हीटेक बंद झाली आणि हौशी लोक जुन्या गाड्या शोधू लागले. २००९ मध्ये पुण्यात पोस्टिंग असताना मला एक मिळाली. मालकाने सांगितले, "एकदाही काम निघालं नाही." घरी आणून बघितले तर रेडिएटर बदललेला, हेडच्या बोल्टवर पान्याच्या खुणा. इंजिन कधीतरी तापले होते आणि ते मला कळू दिले नव्हते. त्या दिवशी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिले: "याआधीचे काही माहीत नाही."

फौजेच्या प्रत्येक गाडीला अशी वही असतेच. मोठ्या दुरुस्तीसाठी १५ ऑक्टोबर १९४३ ला स्थापन झालेली ईएमई आहे, पण रोज थोडे थोडे तपासायचे काम युनिटच्या ड्रायव्हरचेच. तीच पद्धत मी घरी लावली. पुढे हौस वाढली. मोकळा एअर फिल्टर बसला, सायलेन्सर बदलला, स्प्रिंगा आखूड झाल्या. युनिटचा ईएमईचा हवालदार कराडकडचा. त्याने मला फीलर गेज धरायला शिकवले. टॅपेटची फट एक चतुर्थांश मिलिमीटरच्या आतबाहेर असते, इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची. तो म्हणायचा, "साहेब, टॅपेट जरा बोलतंय तवर काळजी नाय. गप बसलं की मग बगा."

मी बघितले नाही. २०१२ मध्ये स्टाफ कॉलेजच्या कोर्सला वेलिंग्टनला गेलो. कोर्स वर्षाच्या आत संपतो, म्हणून एमएच-१२ चा नंबरही बदलावा लागला नाही. निलगिरीच्या शांततेत ती टिकटिक मला खुपू लागली. एका रविवारी क्वार्टरच्या अंगणात हेड कव्हर उघडले आणि फटी जरा आवळल्या. आवाज गेला. मी खूश. तीन महिन्यांनी मेट्टुपालयमहून कुन्नूरचा घाट चढताना गाडी अडखळू लागली. कोइमतूरच्या मेकॅनिकने कॉम्प्रेशन तपासले, तिसरा सिलिंडर मेलेला. फट इतकी कमी होती की एक्झॉस्ट वाल्व्ह नीट बसतच नव्हता. बंद असताना वाल्व्ह आपली उष्णता हेडला देतो. ती वाट बंद झाली आणि त्याची कड जळाली. हेड उतरवावे लागले. वहीत लिहिले: "चूक माझी. आवाज नको म्हणून फट कमी ठेवली."

झाशीत विकायची वेळ आली तेव्हा दोन महिने सुट्टीचे दिवस गाडीखाली गेले. मूळ स्प्रिंगा, मूळ सायलेन्सर, एअर फिल्टरचा डबा, सगळे ट्रंकेत जपून ठेवले होते. ते परत बसवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिले आहे त्याहून गाडी वेगळी करता येत नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. गणवेशातल्या माणसाने दुसऱ्याच्या गळ्यात बेकायदा गाडी बांधू नये, एवढे मला कायद्याशिवायही कळत होते. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप नवा टाकला. बेल्ट तुटला तर इंजिनच जाते आणि नव्या मालकाला तो किती जुना आहे ते बाहेरून दिसत नाही.

प्रश्न उरला वहीचा. हेड उघडलेली गाडी म्हटले की किंमत पडते. एका दलालाने सांगितले, वही दाखवू नका, इंजिन सुरेख चालते आहे. खरे होते, चालत होते. माझ्या आधीच्या मालकाकडेही ते सुरेखच चालत होते.

आमच्याच स्टेशनवरचा एक तरुण कॅप्टन बघायला आला. मी चावीच्या आधी वही दिली. त्याने व्हरांड्यात बसून अर्धा तास ती वाचली. वेलिंग्टनच्या पानाशी थांबला.

"सर, हे तुम्ही केलंत?"

"हो. तू करू नकोस."

त्याने सांगितलेली किंमत माझ्या अपेक्षेपेक्षा पंधरा हजारांनी कमी होती. मी घासाघीस केली नाही. मग त्याने फीलर गेज मागितला. तो यादीत नव्हता, पण दिला.

त्याच्या युनिटची बदली पुढे सिकंदराबादला झाली. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. नोंदणीचे नूतनीकरण झाले होते आणि जुनी वही भरल्यामुळे त्याने दुसरी आणली होती. मी विचारले, टॅपेटचा आवाज येतो का? म्हणाला, "येतो सर. थोडा येतो."

म्हटले, मग ठीक आहे.