हजेरीपटावरील रिकामी घरे



शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे 'गळती' हा शब्द रूढ झाला आहे. आयुष्यभर मराठी शिकविली असल्यामुळे प्रथम या शब्दाविषयीच तक्रार मांडतो. गळती छपराची असते, घागरीची असते. पाणी गळते, ते कोणी गाळत नाही. त्या क्रियेला कर्ता नाही, म्हणून दोषीही नाही. मूल मात्र असे गळत नाही. आधी ते एखादा सोमवार चुकविते, मग आठवड्यातून दोन दिवस. हजेरीपटावर त्याच्या नावापुढील घरे रिकामी पडू लागतात, आणि जूनमध्ये नव्या पटावर त्याचे नावच चढत नाही. या अवधीत कोणी त्याच्या दारी गेले होते काय, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

निजामी राजवटीत मराठी मुलाची शाळा टिकणे हेच मुळी दुर्घट होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मातृभाषेतील शिक्षणाचा भार समाजालाच उचलावा लागला. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी केली. १९०७ मध्ये गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघाले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. या शाळा सरकारी कृपेवर नव्हे, लोकांच्या ओंजळीवर जगल्या.

याच राज्यातील एक प्रसंग विशेष स्मरणीय आहे. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी घातल्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो तरुणांना वसतिगृहांतून व वर्गांतून काढून टाकण्यात आले. त्यांचे शिक्षण तेथेच संपावयाचे. परंतु कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. एक दार बंद झाले असता दुसरे उघडणारा कोणी असला, तर पिढी वाचते, हा त्याचा धडा.

पण दार उघडून पोट भरत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांस आश्रय दिला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. घरोघरी दळण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूस ठेवावयाचे, ही मुष्टिफंडाची रीत. तेही अपुरे पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी स्वतःचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. दंडाचा रुपया आणि धान्याची मूठ यांपैकी मुलाला शाळेत कशाने अधिक राखले, हे मी सांगावयास नको.

येथे एक कबुली दिली पाहिजे. माझे स्वतःचे माध्यमिक शिक्षण मराठवाड्यातील एका गावी वार लावून झाले. गुरुवारी ज्यांच्या घरी मी जेवत असे, त्या काकू ताट वाढताना विचारीत, "आज शाळेत काय झालं रे?" मी एक दिवस चुकलो तर शुक्रवारी निरोप येई. माझ्या बाकावर बसणारा, गणितात माझ्याहून हुशार असलेला मुलगा वडील वारल्यावर वीटभट्टीवर जाऊ लागला. त्याच्या जातीला आमच्या आळीत कोणी वार देत नसे. त्याच्या घरी कोणी निरोप पाठविला नाही. मास्तरांनी नाही, मीही नाही. ज्या जुन्या दानशीलतेचा आपण गौरव करतो, तिच्या पंक्तीला कुंपण होते. ज्या बाकावरील अर्धी जागा रिकामी झाली, त्याच बाकावर मी पुढे मॅट्रिकचा अभ्यास केला. साठ वर्षे झाली, ती जागा मी विसरलो नाही.

आता आपल्या हैदराबादकडे येतो. मामिडिपूडी वेंकटरंगय्या या इतिहासकारांच्या स्मरणार्थ १९८१ मध्ये येथे एक प्रतिष्ठान निघाले. १९९१ पासून प्रा. शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली त्याने रंगारेड्डी जिल्ह्यातील बालमजुरांचा प्रश्न हाती घेतला. त्यांचे सूत्र कठोर होते: जे मूल शाळेत नाही ते मजूरच होय, मग ते शेतात राबो की घरी धाकट्या भावंडांना सांभाळो. गावातील तरुण, पंच, शिक्षक व पालक यांनी घरोघर जावे, मोठ्या वयाच्या मुलांना निवासी वर्गांत ठेवून त्यांच्या वयाच्या इयत्तेपर्यंत आणावे, मग गावच्या शाळेत बसवावे, अशी पद्धत. गरीब आईबापांना शिक्षण नकोच असते, हा आपला सोयीचा समज या कार्याने खोटा ठरविला. अनेकदा अडसर ठरे तो दाखला, वयाची अट, किंवा उशिरा आलेल्या मुलाला झालेला उपहास. २००३ मध्ये शांताबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. परंतु समिती कागदावर असणे आणि कोणी दारी जाणे यांत अंतर आहे.

नल्लकुंट्यातील जुनी माणसे येथील फीवर हॉस्पिटलला अजून 'कोरंटी' म्हणतात. क्वारंटाइनचाच तो अपभ्रंश. साथीच्या दिवसांत रोगी दूर ठेवावयाचा असतो. शाळेचा न्याय उलटा आहे: जो दूर गेला, त्याला आधी जवळ आणावयाचे.

माजी विद्यार्थ्यांनो, ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांना हार, तसबीर पुरेशी नाही. देणगी द्याच, पण माझे मागणे लहान आहे. दर शनिवारी आपल्यापैकी दोघांनी शाळेत यावे, वर्गशिक्षकांकडून सलग तीन दिवस न आलेल्या मुलांची नावे घ्यावीत आणि त्यांच्या घरी जाऊन बसावे. जात विचारू नये, भाषा विचारू नये. फक्त विचारावे, "आज शाळेत का आला नाहीस, बाळ?" माझ्या बाकावरच्या त्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो येथे विचारला जावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.