शिकागोने बंद केलेला फुटबॉल

मंडळी, शिकागोला मुलांकडे जाऊन आलात तरी हे कोणी सांगितलं नसेल. तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल (हातात चेंडू घेऊन पळायचा, तो अमेरिकन) एकेकाळी देशभर गाजलेला. १८९२ पासून चाळीस वर्षं प्रशिक्षक स्टॅग यांनी संघ घडवला. १९३५ ची पहिली हाइजमन ट्रॉफी इथल्याच बरवँगरला. पुढे उतरती कळा. १९३९ मध्ये मिशिगनकडून ८५-० असा मार खाल्ला, आणि त्याच डिसेंबरात अध्यक्ष हचिन्स यांनी संघच बंद केला. विद्यापीठ शिकण्यासाठी, हा त्यांचा हेका. मला तर पटतो बुवा! त्याच मैदानाच्या ओस स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला फर्मींनी जगातली पहिली अणुभट्टी चालवली. १९६९ ला फुटबॉल परतला. आज खेळतात, पण क्रीडा-शिष्यवृत्तीशिवाय.