चुन्याच्या गुठळ्या

रोमन काँक्रीटचा तुकडा कापला की आत पांढरे ठिपके दिसतात. त्या चुन्याच्या गुठळ्या, काही मिलिमीटरच्या. कित्येक वर्षं त्यांचा अर्थ ठरलेला होता: मजुरांनी माल नीट कालवला नाही. आपल्या किल्ल्यांवर चुन्याचा घाणा पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक; एवढा खटाटोप चुना एकजीव करण्यासाठीच तर असायचा.

मला मात्र हे खटकायचं. याच 'कामचुकार' लोकांनी पँथिऑनचा घुमट उभारला. व्यास 43 मीटर, आत एक सळी नाही, वय सुमारे 1,900 वर्षं.

श्रेय दिलं जाई ते ज्वालामुखीच्या राखेला. तेही खोटं नाही. पण 2023मध्ये एमआयटीच्या ॲडमिर मासिक यांच्या गटाने रोमच्या दक्षिणेला असलेल्या प्रिव्हर्नमच्या तटबंदीतल्या गुठळ्या तपासल्या. त्यांचं म्हणणं असं, की नुसता विझवलेला चुना न वापरता कळीचा चुनाच राखेत मिसळून वर पाणी घातलं जात असावं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा खदखदतो ते जुन्या गवंड्यांना विचारा! त्या धगीत काही चुना गुठळ्या होऊन राहतो. पुढे तडा जातो तो या ठिसूळ गुठळ्यांमधून. त्यात पाणी शिरतं, चुना विरघळतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन भेग बुजवतो.

गटाने तसं काँक्रीट बनवलं, अर्ध्या मिलिमीटरची भेग पाडली, त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी थांबलं. कळीचा चुना नसलेल्या तुकड्यातून ते वाहतच राहिलं.

इ.स.पू. पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियसने लिहिलंय ते विझवलेल्या चुन्याबद्दल. तो ग्रंथ लिहिणारा वास्तुकार. घमेली वाहणाऱ्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांच्यावर आळसाचा ठपका ठेवणं म्हणूनच सोपं गेलं असावं.

आज भेग जास्त महागात पडते. पाणी सळीपर्यंत पोचतं, सळी गंजून फुगते, स्लॅबचे पोपडे पडतात. यावर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक याँकर्स यांनी जिवाणू वापरले. त्यांचे बीजाणू आणि खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्येच घालायचं. कोरडं असेतो ते झोपून राहतात. भेगेतून पाणी आलं की जागे होऊन चुनखडी तयार करतात. मालात घालण्याआधी हे सगळं त्यांनी भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र खड्यांत भरलं होतं. म्हणजे पुन्हा गुठळ्याच.