पॅव्हेलियनबाहेरचा चहा

खेळावरच्या चित्रपटांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. 'रिमेंबर द टायटन्स' (२०००) या चित्रपटात १९७१ सालच्या व्हर्जिनियातील एका शाळेची गोरी आणि काळी मुले एका संघात येतात, भांडतात आणि जिंकतात. आपल्या 'लगान'मध्ये (२००१) कचरा या अस्पृश्य गोलंदाजाला संघात घेतल्यावर गाव बिथरते आणि नंतर त्याच्याच फिरकीवर विसंबते. सामना जिंकला की भेद संपला असे मानून प्रेक्षक घरी जातो. इतिहासाला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळही पाहावी लागते. पळवणकर बंधूंची हकीकत त्यासाठी पुन्हा वाचायला हवी.

पळवणकर बाळू हा चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबवर खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, ही त्याची पहिली नोकरी. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला. तिथे कॅप्टन जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज सरावासाठी त्याच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. बाळूची डावखुरी फिरकी या सरावात घडली. मात्र त्याच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम होते.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूवाचून पर्याय नव्हता. तेव्हा त्याला संघात घेतले गेले. त्याने हाताळलेला चेंडू उच्चवर्णीय क्षेत्ररक्षक झेलत होते, पुसत होते आणि परत त्याच्याकडे फेकत होते. चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू आत बसून कपातून चहा घेत आणि बाळूला पॅव्हेलियनबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे.

प्लेगच्या दिवसांत तो मुंबईला आला. तिथल्या हिंदू जिमखान्याकडून तो आणि धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले (हिंदू २४२ व १६०, युरोपियन १९१ व १०२). त्या विजयात बाळूच्या फिरकीचा मोठा वाटा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने तेव्हा धावांपलीकडची गोष्ट हेरली. पुण्यात वेगळे बसवलेले खेळाडू मुंबईच्या जिमखान्यात इतरांच्या पंक्तीला जेवत होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४.

मैदान मिळाले, पंगत मिळाली, पण कर्णधारपद मिळाले नाही. १९१३मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान बाळूचा होता असे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले. १९२०मध्ये तर बाळूलाच वगळले. पै आजारी पडल्यावर नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. पुढच्या सामन्यात बाळूला उपकर्णधार म्हणून परत आणावे लागले आणि पैंनी काही काळ मैदान सोडून नेतृत्व त्याच्याकडे दिले. अखेर १९२३मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि युरोपियनांना हरवून परतला. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले. चित्रपट असता तर इथेच संपला असता.

आम्हा नाशिककरांना मात्र त्यानंतरची सात वर्षे मोजावी लागतात. २ मार्च १९३० रोजी आमच्या गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचे, स्थानिक आघाडी दादासाहेब गायकवाडांची. मंदिराचे दरवाजे बंद झाले. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली. लढा पाच वर्षे चालला, दार उघडले नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यात, येवल्याला, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

ज्या समाजाने विठ्ठलला खांद्यावर घेतले, त्याच समाजाने रामाचे दार का लावले? मला उत्तर असे दिसते: मैदानावर बाळूची गरज होती. त्याच्यावाचून सामना जात होता. देवळात येणाऱ्या भक्ताची गरज कोणालाच नव्हती. गरजेपोटी मिळालेला प्रवेश ज्याची गरज असते त्यालाच मिळतो, आणि तेवढ्यापुरताच. नाशिकचे सत्याग्रही एकही बळी न घेता आत जाण्याचा हक्क मागत होते. हे मागणे फार मोठे होते.

म्हणून संघभावना खोटी ठरते का? नाही. मुंबईची ती पंगत खरी होती, पैंचे सौजन्य खरे होते आणि त्या विजयांनी दलित तरुणांना दिलेला अभिमानही खरा होता. इंग्लंडहून परतलेल्या बाळूच्या गौरवात तरुण आंबेडकरही होते. पण पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३७च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसचे बाळू आणि आंबेडकर समोरासमोर उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. एकाने हिंदू समाजाच्या आत राहून, कर्तृत्वाच्या जोरावर जागा मिळवली होती. दुसऱ्याला ती जागा कर्तृत्वावर अवलंबून असणेच मान्य नव्हते. फरक दोन हजारांचा. म्हणजे त्या समाजालाही निवड सोपी गेली नव्हती.

४ जुलै १९५५ला बाळू गेले. विठ्ठलने 'माझे क्रीडा-जीवन' लिहून ठेवले आहे. आज आमच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात आणि कोणत्या खेळाडूला चहा कशात मिळतो, हे कोणी पाहत नाही. तो पल्ला गाठायला मदत बाळूच्या चेंडूने केली की काळारामाच्या दारातल्या माणसांनी, असे विचारले तर मी दोन्ही नावे घेईन. दुसरे नाव जरा मोठ्याने.